ओ-सोतो-गारी ते केसा-गतामे: थ्रोपासून होल्डपर्यंत, क्रमाने

ओ-सोतो-गारी, म्हणजे समोरच्याचा पाय बाहेरून झाडून त्याला मागे पाडणारा ज्युदोतला थ्रो, शिकून थोडे दिवस झाले की सगळ्यांना वाटतं हा थ्रो आपल्याला येतो, आणि गप्प उभ्या असलेल्या पार्टनरवर तो खरंच येतोही, पण रंदोरी, म्हणजे दोघांनी मोकळेपणाने लढायची प्रॅक्टिस, सुरू झाली की जो मारायला जातो तोच पाठीवर पडतो. हे इतक्या जणांचं होताना दिसतं म्हणून नीट क्रमाने लिहितोय. कारण जवळपास प्रत्येक वेळी एकच असतं, पाय आधी जातो आणि हात नंतर. पाय उचलला की तुम्ही एका पायावर, समोरचा दोन पायांवर, त्याचं वजन अजून त्याच्याच ताब्यात, मग त्याला फक्त पुढे रेलून तुमचाच पाय उडवायचा असतो आणि ओ-सोतो-गाएशी, म्हणजे तुमचाच थ्रो तुमच्यावर उलटून, तुमचा विषय संपतो.

कोडोकान, म्हणजे ज्युदोची जपानमधली मूळ संस्था, तिच्या यादीत ६८ थ्रो आणि जमिनीवरची ३२ टेक्निक्स आहेत. ती सगळी इथे घेत नाही, एक थ्रो आणि त्याला जोडून एक होल्ड (केसा-गतामे, म्हणजे पडलेल्याला बाजूने दाबून धरणं) एवढंच घेतोय, कारण या जोडीत जे चुकतं तेच बाकी ठिकाणीही चुकतं. पूर्ण लेखात एका हाताकडे लक्ष ठेवा, बाही धरलेल्या हाताकडे. तोच हात बॅलन्स तोडतो, पडणाऱ्याचं डोकं तोच वाचवतो आणि खाली गेल्यावर होल्डही त्याच्यामुळेच मिळतो. तो सुटला की तिन्ही गोष्टी जातात.

सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी लिहिलंय, डावखुऱ्यांनी उलट करून वाचा. थ्रो मारणारा तोरी, पडणारा उके. आणि हे ज्यांना क्लास आहे, कोच समोर आहे त्यांच्यासाठी आहे, घरी गादी टाकून भावंडांवर करून बघण्यासाठी नाही.

तयारी: ही अर्धवट असेल तर पुढे जाऊ नका

कराटेचा पातळ ड्रेस घालून ज्युदोची प्रॅक्टिस होत नाही, बाही धरून ओढली की काखेत फाटतो आणि पकडीचा अंदाजही येत नाही. ज्युदोगी (ज्युदोचा जाड ड्रेस, थोडक्यात गी) घाला, डावी बाजू उजवीच्या वर, मुलींनी आत पांढरा टी-शर्ट. कानातलं, चेन, मंगळसूत्र, कडं, अंगठी सगळं काढायचं, मनगटातला धागा काढायचा नसेल तर त्यावर टेप गुंडाळा, कारण समोरच्याचं बोट त्यात अडकलं तर मोडतं. नखं हाताची आणि पायाचीही. अंगावर नायटा किंवा पिकलेली जखम असेल तर बरी होईपर्यंत मॅटवर यायचं नाही, पावसाळ्यात गी नीट वाळत नाही आणि एकाचा नायटा पंधरा दिवसांत सगळ्या बॅचला होतो.

मॅट तपासा. दोन मॅटमध्ये फट असेल तर पायाचं बोट त्यात जातं आणि अंग फिरतं, घोटा तिथेच राहतो. जिममध्ये असतात त्या पातळ पझल मॅट थ्रोसाठी नाहीत, त्यावर फार तर पावलांची प्रॅक्टिस करा. भिंत, खांब, खिडकीची कड यांच्यापासून लांब, आणि पहिले बरेच थ्रो क्रॅश मॅटवर (जाड, मऊ मॅट).

पार्टनर साधारण आपल्याच वजनाचा घ्या. अनुभवी आणि जड मुलगा, समोर दोन आठवड्यांपूर्वी आलेला हलका मुलगा, आणि थ्रो ओ-सोतो-गारी, ही जोडी कोचने लावली तरी नको म्हणा.

आता उकेमी, म्हणजे पडायचं कसं. इथे लोक कंटाळतात पण हा थ्रो सरळ मागे पाडतो, उकेला जमीन दिसत नाही, त्यामुळे उकेमी कच्ची असेल तर डोक्याचा मागचा भाग आपटतो. जपानमध्ये शाळा-कॉलेजच्या ज्युदोत नवशिक्यांच्या डोक्याला ज्या गंभीर इजा झाल्या त्यांत ओ-सोतो-गारीचं नाव वारंवार येतं. मागे पडताना हनुवटी छातीला लावायची आणि नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर ठेवायची. हात अंगापासून थोडे लांब, साधारण ३० ते ४५ अंशात, आणि तळव्यापासून कोपरापर्यंतचा पूर्ण भाग एकदम मॅटवर मारायचा, पडताना श्वास सोडायचा. हात मागे टेकवून स्वतःला सावरायचं नाही, मनगट आणि कोपर असंच मोडतं.

तपासा: उभ्याने मागे पडून सलग १० उकेमी, एकदाही डोकं मॅटला न लागता आणि एकदाही हात मागे न टेकता. मग पार्टनरने छातीला हलका धक्का दिल्यावर तेच. हे जमेपर्यंत तुम्ही या थ्रोसाठी उके म्हणून उभे राहू नका.

सावधान: डोकं आपटलं, किंवा आपटलं नाही पण मानेला जोराचा झटका बसून चक्कर आली, की त्या दिवशीची प्रॅक्टिस तिथेच बंद, "बरं वाटतंय सर" म्हटलं तरी बंद. डोकं दुखणं वाढतंय, उलटी होते, झोप येते, बोलणं अडखळतं, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता हॉस्पिटल. आणि डॉक्टरने हो म्हटल्याशिवाय परत थ्रो खायचे नाहीत, पहिली इजा भरलेली नसताना दुसरा मार बसणं हे सगळ्यात धोक्याचं.

टप्पा १: उभं राहणं आणि ग्रिप

पाय खांद्याएवढे लांब, उजवा थोडा पुढे, गुडघे सैल, पाठ सरळ. उजव्या हाताने उकेची डावी कॉलर साधारण गळपट्टीच्या हाडाच्या उंचीवर, डाव्या हाताने त्याची उजवी बाही कोपराच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूने.

पकड करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाने घट्ट करायची, अंगठा आणि तर्जनी जवळपास सैल. बहुतेक जण उलट करतात, अंगठ्याने आवळतात, मग मनगट ताठ होतं आणि दोन मिनिटांत हाताची ताकद संपते. बाहीच्या तोंडातून आत बोटं घालायची नाहीत, मॅचमध्ये शिदो (दंड) मिळतो आणि प्रॅक्टिसमध्ये बोट पिरगळतं.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे दोन्ही हात लांब ताठ करून समोरच्याला दूर ठेवणं. तुम्हाला वाटतं सेफ आहे, पण ताठ हाताने ओढता येत नाही, ढकलताच येतं, आणि या थ्रोमध्ये छातीला छाती लागायलाच हवी. कोपरं खाली आणि अंगाजवळ ठेवा.

तपासा: पार्टनरला म्हणा मला हलकेच पुढे-मागे हलव. त्याने हलवल्यावर तुमचे हात वाकून धक्का शोषून घेतात का पूर्ण अंग हलतं ते बघा. पूर्ण अंग हलत असेल तर हात अजून ताठ आहेत.

टप्पा २: कुझुशी, म्हणजे बॅलन्स तोडणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. उकेचं पूर्ण वजन त्याच्या उजव्या टाचेवर आणायचंय, म्हणजे तो मागे आणि त्याच्या उजवीकडे तिरका झुकला पाहिजे, त्या कोपऱ्यात.

डाव्या हाताने बाही खाली आणि आपल्या डाव्या कमरेकडे ओढा, कोपर आपल्या बरगड्यांना घासत मागे गेलं पाहिजे. उजव्या हाताने कॉलर आधी जरा वर उचला आणि मग त्याच्या उजव्या खांद्याच्या मागच्या दिशेला न्या, तुमच्या हाताचा कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग त्याच्या छातीला टेकलेला हवा. एक हात खाली ओढतोय, एक वर आणि मागे नेतोय, दोन्ही एकाच वेळी. नुसतं ढकललं तर तो एक पाऊल मागे टाकून मोकळा होतो, नुसतं ओढलं तर तो तुमच्यावर येतो.

इथे तीन चुका दिसतात. पहिली, बाही बाजूला ओढणं, हात पंखासारखा बाहेर जातो, उके फिरतो पण झुकत नाही. दुसरी, हातांऐवजी स्वतःच मागे झुकून ओढणं, तेव्हा बॅलन्स तुमचा तुटलेला असतो. तिसरी म्हणजे उजवा हात गळ्यावर किंवा हनुवटीवर दाबणं, त्याने मान मागे जाते आणि पडताना हनुवटी छातीला लावताच येत नाही. ही तिसरी चूक दिसली तर कोचने तिथेच थांबवलं पाहिजे.

तपासा: कुझुशी करून आहे तिथे थांबा आणि उकेला सांगा उजवा पाय उचल. त्याला सहज उचलता आला तर वजन त्या पायावर नाही, म्हणजे कुझुशी झालीच नाही. पाय जड झालाय, उचलायला गेलं तर पडेल असं त्याला वाटलं तर बरोबर. ही टेस्ट इतकी सोपी आहे तरी फार कमी क्लासमध्ये करून घेतात, आणि माझ्या मते उचीकोमीचे (थ्रो न मारता नुसतं आत शिरायचे) शंभर रिपिटेशन मारण्यापेक्षा ही दहा वेळा केलेली जास्त कामाची.

टप्पा ३: डावं पाऊल

कुझुशी होत असतानाच डावं पाऊल टाकायचं, नंतर नाही. ते उकेच्या उजव्या पावलाच्या बाहेरच्या बाजूला, त्याच्या रेषेत किंवा किंचित पुढे, म्हणजे त्याच्या टाचेकडे. दोन पावलांमध्ये साधारण एक पाऊल मावेल एवढी जागा. बोटं समोर, म्हणजे ज्या दिशेला उके पडणार त्या दिशेला. गुडघा वाकलेला आणि तुमचं वजन पूर्ण या पायावर.

पाऊल आखूड पडलं, म्हणजे उकेच्या पावलाच्या अलीकडेच राहिलं, तर तुमचं कंबरेचं वजन मागे राहतं आणि तुम्ही नुसता पाय लांबवून त्याच्या पायापर्यंत पोचायचा प्रयत्न करता. ओ-सोतो-गाएशी खाणाऱ्यांपैकी बहुतेकांचं पाऊल असंच आखूड असतं. पाऊल खूप बाहेर टाकलं तर छाती लागत नाही. बोटं बाहेर वळलेली असतील तर पाय मागे झाडताना गुडघ्याला पीळ बसतो, तोही टाळा.

या क्षणी तुमच्या छातीची उजवी बाजू त्याच्या छातीच्या उजव्या बाजूला भिडलेली हवी. मध्ये हात घालता येईल एवढी जागा उरली असेल तर पुढे जाऊ नका.

तपासा: पाऊल टाकून थांबा आणि उजवा पाय हवेत उचलून दोन सेकंद स्थिर उभे राहा. डळमळलात तर वजन डाव्या पायावर आलेलं नाही.

टप्पा ४: आता पाय

उजवा पाय उकेच्या उजव्या पायाच्या बाहेरून पुढे न्या, बोटं ताणलेली, आणि तिथून जोरात मागे झाडा. तुमच्या मांडीचा मागचा भाग त्याच्या मांडीच्या मागच्या भागाला लागला पाहिजे, नवीन असताना पोटरीला पोटरी लागली तरी चालेल पण टाच अडकवायची नाही. टाच अडकवून ओढत बसलात की झाडणं थांबतं आणि दोघंही लटकून राहता.

पाय मागे आणि वर जातो तसं तुमचं डोकं आणि छाती पुढे आणि खाली जाते. वरचं अंग आणि पाय एका रेषेत फिरतात, कंबरेपाशी तराजूच्या दांडीसारखे. नजर उके जिथे पडणार त्या मॅटवर. खूप जण पाय झाडताना वर बघतात किंवा मागे वळून आपलाच पाय बघतात, तेवढ्याने छाती सुटते आणि सगळी मेहनत वाया जाते.

आणि हात? हात टप्पा २ पासून थांबलेलेच नाहीत. पाय झाडताना बाहीची ओढ सैल पडते ही सगळ्यात न दिसणारी चूक आहे, कारण बघणाऱ्याचं लक्ष पायाकडे असतं.

सावधान: उकेच्या गुडघ्यावर बाजूने लाथ बसता कामा नये. त्याचं पूर्ण वजन त्या पायावर आहे, बाजूने मार बसला तर गुडघ्याचं लिगामेंट जातं आणि माणूस महिनोन्‌महिने खेळाबाहेर राहतो. स्पर्श नेहमी पायाच्या मागच्या बाजूला. तुमचा पाय बाजूने लागतोय असं उकेने सांगितलं तर वाद न घालता परत टप्पा ३ वर जा, पाऊल आखूड पडतंय.

टप्पा ५: तो पडत असताना

थ्रो झाला म्हणून लोक इथे सोडून देतात. उके मागे जात असताना डाव्या हाताने बाही वर खेचायची, म्हणजे त्याची उजवी बाजू जरा वर राहते, तो थोडा कुशीवर पडतो आणि डोकं मॅटपासून वर राहतं. प्रॅक्टिसमध्ये पार्टनरची जबाबदारी तुमची असते, ती या हातात असते. उजवा हात कॉलरवर ठेवा किंवा सोडा, पण त्याने छाती-गळा खाली दाबत जाऊ नका.

क्लासमध्ये नवीन पार्टनरवर अंग टाकायचं नाही. मॅचमध्ये दोघं बरोबर पडतात ते दिसतं, पण तुमचं पूर्ण वजन बरगड्यांवर येऊन पडणं सहन करायला उके तयार झालेला असावा लागतो. पहिले काही महिने थ्रो मारून उभं राहता आलं पाहिजे. ते जमलं नाही तर तुमचाही बॅलन्स जातोय एवढं त्यातून कळतं.

उकेसाठी: पडताना तोरीची मान किंवा बेल्ट धरून लोंबकळू नका. न पडण्याच्या हट्टापायी हात मागे टेकू नका. हनुवटी आत, डाव्या हाताने मॅटवर मार, बस.

टप्पा ६: केसा-गतामे

आता तुम्ही उकेच्या उजव्या बाजूला आहात आणि त्याची उजवी बाही तुमच्या डाव्या हातात आहे. म्हणजे होल्ड अर्धा झालेलाच आहे, फक्त उशीर करू नका. थ्रोनंतर एक श्वास जरी थांबलात तर समोरचा कुशीवर वळतो, पोटावर जातो आणि परत सगळं पहिल्यापासून.

१. बाही वर ताणलेली ठेवूनच खाली या, उजवी कंबर त्याच्या उजव्या काखेला घट्ट चिकटवा. मध्ये फट नको.

२. त्याचा उजवा हात तुमच्या डाव्या काखेत दाबा, डाव्या हाताने कोपराच्या वरची बाही पकडून आपल्याकडे ओढा. हा हात सुटला की केसा-गतामे गेलीच समजा.

३. उजवा हात त्याच्या मानेखालून घालून पलीकडच्या खांद्याजवळची गी धरा.

४. उजवा पाय पुढे त्याच्या डोक्याकडे, गुडघा वाकवून त्याच्या खांद्याला टेकवलेला, डावा पाय मागे लांब. दोन्ही पायांत भरपूर अंतर.

५. डोकं खाली, त्याच्या डोक्याजवळ. वजन त्याच्या बरगड्यांवर टेका, मॅटवर आरामात बसू नका.

पाचव्या नंबरमध्ये बहुतेकांचं बिघडतं. मॅटवर बसलात की तुमचं वजन मॅट उचलते, उके नाही, मग त्याने ब्रिज मारून (पाय रोवून कंबर वर उचलून) तुम्हाला पलीकडे फिरवायला फार ताकद लागत नाही. डोकं वर ठेवलं तरी तेच. आणखी एक, हात सोडून नुसती मान आवळत बसणारे बरेच आहेत, तो होल्ड नाही, त्याने समोरच्याची मान दुखावते आणि तो हात मोकळा करून निघून जातो.

तो सुटायला काय करेल? ब्रिज मारून तुम्हाला त्याच्या डावीकडे फेकायला बघेल, तेव्हा उजवा हात क्षणभर मानेखालून काढून मॅटवर टेकवा आणि परत आत घाला. त्याचे पाय तुमचा डावा पाय पकडायला येतील, तेव्हा पाय जागेवर ठेवू नका, त्याच्या पायांपासून लांब, डोक्याच्या दिशेने गोल सरकत राहा. पाय पकडला गेला तर रेफरी "तोकेता" म्हणतो आणि होल्डची वेळ तिथेच थांबते. त्याने स्वतःचा उजवा हात खरंच काढून घेतलाच तर केसामध्ये अडकून राहू नका, छाती खाली वळवून योको-शिहो-गतामेला (छातीने आडवं दाबायचा होल्ड) जा.

सध्याच्या नियमात होल्ड ५ सेकंद टिकला तर युको (सगळ्यात लहान गुण), १० ला वाझा-आरी (अर्धा गुण), २० ला इप्पोन (पूर्ण गुण, मॅच जिंकली). प्रॅक्टिसमध्ये मात्र ३० सेकंद धरायची सवय ठेवा, दम लागलेला असताना २० सेकंद खूप लांब वाटतात.

सावधान: छातीवर वजन आलं की श्वास कोंडतो, विशेषतः वजनात फरक असेल तर. उकेने मॅटवर किंवा तुमच्या अंगावर दोनदा थोपटलं, हात अडकलेत म्हणून पायाने आपटलं, किंवा "माइत्ता" (हरलो) म्हटलं, की त्याच क्षणी सोडायचं. खरंच थोपटलं का विचारत बसायचं नाही.

गळा आवळण्याची आणि कोपर लॉक करण्याची टेक्निक्स मुद्दाम इथे घेत नाही. लॉक फक्त कोपराला लावता येतो, गुडघा, खांदा, मनगट काहीही नाही, आणि गळ्याच्या टेक्निकने माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होऊ शकतो, त्यामुळे ही दोन्ही कोच बाजूला उभा असतानाच शिका.

कुस्तीतून आलेल्यांनी आधी एवढं बदला

तालमीतून ज्युदोत येणारी मुलं आपल्याकडे भरपूर आहेत, कोल्हापूर-सांगलीकडची तर खूपच, आणि टांग मारायची सवय असल्याने टप्पा ४ त्यांना पटकन जमतो. पण तीन गोष्टी नडतात.

पट काढायला खाली जाऊ नका. उभ्याने खेळताना बेल्टच्या खाली हाताने पाय धरला की शिदो, आणि तीन शिदो झाले की मॅच गेली. वाकून उभं राहायची सवयही याच कारणाने सोडावी लागते, पट नाहीच तर वाकून फायदा काय, उलट वाकलेल्या माणसावर ओ-सोतो-गारी मारणं आणि त्याने मारणं दोन्ही बिघडतं.

दुसरं, पडताना ब्रिजवर उतरून खांदे वाचवायचे नाहीत. ज्युदोत ब्रिजवर उतरलं तरी इप्पोनच देतात आणि थ्रो चुकवायला मुद्दाम डोक्यावर टेकणं तर मानेसाठी फार धोक्याचं. मान मोडू नये म्हणून हा नियम आहे, तो सवयीने मोडला जातो आणि म्हणून उकेमी तुम्हालाही शून्यापासूनच करायची, कितीही कुस्त्या मारलेल्या असल्या तरी.

तिसरं कपड्याचं. अंगाला मिठी मारून ओढायची सवय असते, इथे गी धरून लांबूनच बॅलन्स तोडायचाय. पहिले काही आठवडे ग्रिपशिवाय काहीच करू नका असं मी सरळ सांगेन.

टप्पा ७: हलत्या पार्टनरवर

आधी उचीकोमी, म्हणजे थ्रो न मारता आत शिरण्याची रिपिटेशन्स. पहिली १० अगदी सावकाश, टप्पा २ आणि ३ ला थांबून टेस्ट करत. मग १०-१० चे तीन सेट जरा वेगाने. वेग वाढला आणि छाती लागेनाशी झाली की वेग कमी करा, हवेत पाय मारायची प्रॅक्टिस झाली तर मॅचमध्येही हवेतच मारला जातो. तिसरा माणूस असेल तर त्याने उकेला मागून बेल्ट धरून आधार द्यावा, मग तोरीला पूर्ण जोर लावता येतो आणि कोणी पडत नाही. त्यानंतर क्रॅश मॅटवर १० थ्रो, प्रत्येकानंतर थेट केसा-गतामे. थ्रो वेगळा आणि होल्ड वेगळा अशी प्रॅक्टिस केलीत तर मॅचमध्येही मध्ये खंड पडतोच.

मग चालता चालता. तुम्ही एक पाऊल मागे घ्या, उकेला ओढा, त्याचा उजवा पाय पुढे येईल, तो पाय मॅटवर टेकतोय त्याच क्षणी आत शिरा. टेकायच्या आधी गेलात तर त्या पायावर वजन नाही, झाडून उपयोग नाही. टेकून स्थिर झाल्यावर गेलात तर तो सावरलेला आहे. हा क्षण डोळ्यांनी बघून पकडता येत नाही, उशीर होतो, बाहीवरच्या हाताला तो जाणवतो, बाही जरा जड होते.

रंदोरीत समोरचा इतकं सरळ चालणार नाही, तेव्हा ससाए-त्सुरीकोमी-आशी (घोटा अडवून पुढे पाडायचा थ्रो) जोडून बघा. डाव्या पायाच्या तळव्याने त्याचा उजवा घोटा अडवा आणि पुढे ओढा, पडू नये म्हणून तो वजन मागे उजव्या टाचेवर घेईल, म्हणजे तुमची कुझुशी त्यानेच करून दिली. अडवायला लावलेला तुमचा डावा पाय परत न आणता तिथूनच थेट त्याच्या पावलाच्या बाहेर टाका आणि टप्पा ४. पहिला हल्ला खोटा वाटला तर तो मागे जाणारच नाही, म्हणून ससाए खरंच पाडायच्या इराद्याने मारा.

आत शिरलात आणि तो पुढे तुमच्यावर रेलतोय असं वाटलं तर हट्टाने पाय झाडू नका. पाय खाली ठेवा, बाही धरलेलीच ठेवा, एक पाऊल मागे या आणि परत सुरू करा. अर्धा झालेला ओ-सोतो-गारी पूर्ण करायच्या नादातच लोक गाएशी खातात.

कोणाकडून तरी मोबाईलवर बाजूने व्हिडिओ काढून घ्या आणि स्लो करून बघा. पाय उचलला जातो त्या फ्रेमवर थांबवा. उकेचं डोकं त्याच्या टाचेच्या मागे गेलंय का? तुमचं डावं पाऊल त्याच्या पावलाच्या रेषेत आहे का? छातीमध्ये उजेड दिसतोय का? मग तो मॅटवर आपटतो त्या फ्रेमवर थांबवा आणि बघा बाही अजून तुमच्या हातात आहे का. पहिल्या तिन्हींत चूक असेल तर टप्पा २ आणि ३ परत, शेवटच्यात असेल तर त्या पार्टनरवर थ्रो मारणं बंद करून आधी क्रॅश मॅटवर टप्पा ५ पक्का करा.